मदत हवी आहे: कॉन्टेसा ठेवू की स्कॉर्पिओ-एन घेऊ?

चोपडेकर_७७: लवकर सांगा मंडळी, रविवारी जुनी गाडी घ्यायला गिऱ्हाईक येतंय. घरी वडिलांची कॉन्टेसा आहे, हिंदुस्तान मोटर्सची जुनी सेडान, चालू कंडिशन, आणि महिंद्राची स्कॉर्पिओ-एन एसयूव्ही घ्यायचं चाललंय. वाड्यात जागा एकाच गाडीची. काका म्हणतात विकू नको, बायको म्हणते नवीनच घे. कोणती बरी पडेल? बजेट विचारू नका, ते बघून ठेवलंय.

तापीकाठ: भाऊ, कॉन्टेसा सुरुवातीची १.५ लिटर इंजिनवाली की नंतरची इसुझू इंजिनची? पेट्रोल की डिझेल? आरसी (रजिस्ट्रेशन) कधीपर्यंत आहे? गाडीत बसणार कोण?

धुळेकर_दादा: स्कॉर्पिओ घ्या, विषय संपला. ग्लोबल एनसीएपीच्या क्रॅश टेस्टमध्ये २०२२ ला मोठ्यांच्या सेफ्टीला ५ स्टार मिळालेत. कॉन्टेसात ना एअरबॅग ना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं). आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात कन्नड घाट चढताना जुनी गाडी तापली की लेकरंबाळं घेऊन रस्त्यात उभं राहा.

केळीवाला_रावेर: दादा, तापते ती मेंटेनन्स नसतो म्हणून. रेडिएटर काढून रॉडिंग (आतल्या नळ्या साफ) करून घ्या, फॅनबेल्ट बघा, थर्मोस्टॅट काढून फेकतात लोक ते अजिबात करू नका. आमची अजिंठ्याचा घाट चढून सिल्लोडपर्यंत एसी लावून जाते. मागच्या सीटवर पाय लांब करून बसायचं सुख त्या ट्रकसारख्या लॅडर फ्रेमवर बांधलेल्या गाडीत नाही, खड्डा आला की मागचा माणूस उडतो.

धुळेकर_दादा: आणि २००२ ला बंद पडलेल्या गाडीची पुढची काच फुटली तर आणणार कुठून?

केळीवाला_रावेर: काच आणि रबर बीडिंगचं अवघड आहे, मान्य. इंजिनचं सामान जमतं अजून.

यावलचा_अण्णा: थार बघा ना, सातपुड्यात पालला जायला एक नंबर.

चोपडेकर_७७: थार नकोय हो!! १.८ पेट्रोल आहे, आरसी संपत आलीय. जास्त करून आईला दवाखान्यात न्यावं लागतं, तिचे गुडघे गेलेत. कॉन्टेसात बसते नीट, पण उतरताना दोघांनी धरून उठवावं लागतं. आणि हो, वाड्याचं फाटक साडेसहा फुटी आहे.

तापीकाठ: अहो हे पहिल्यांदा सांगायचं! स्कॉर्पिओ-एन १९१७ मिमी रुंद, म्हणजे सव्वासहा फुटाच्या वर, तेही आरसे सोडून. फाटकात दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा-सव्वा इंच उरतो आणि मिटलेले आरसे त्याहून बाहेर येतात. खांब फोडायची तयारी आहे का? आईला शोरूमला न्या, फूटबोर्डवर पाय ठेवून हँडल धरून स्वतः चढू-उतरू द्या, तुम्ही हात लावू नका. कॉन्टेसा ठेवणार असाल तर २० वर्षांवरच्या कारची आरसी रिन्युअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय, ग्रीन टॅक्स वेगळा.

साक्रीवाला: मायले पहिले इचार भाऊ, काका अन् बायको मंग.

चोपडेकर_७७: उद्या आईला घेऊन जातो. गिऱ्हाईकाला पुढच्या रविवारी ये म्हणून कळवलं.

धुळेकर_दादा: डिझेल ऑटोमॅटिकच बघा.

तापीकाठ: फाटक दोन खांबांच्या आतून मोजा, वर आणि खाली दोन्हीकडे, जुने खांब कललेले असतात.