मदत हवी आहे: भावाचा कॉमीचा पगार, शैक्षणिक कर्ज आणि दुबईची ऑफर

नमस्कार. हॉटेल लाइनमधल्या, त्यातही किचनमध्ये काम केलेल्या किंवा आखातात नोकरी करून आलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे. थोडं लांबेल, पण आकडे मांडल्याशिवाय अडचण कळणार नाही.

धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे. आम्ही चिपळूणचे, बाबा एसटीतून निवृत्त. भावाने हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी घेतली, त्यासाठी ४ लाखांचं कर्ज काढलं. कॅम्पसमधूनच अंधेरीच्या एका पंचतारांकित हॉटेलात लागला तेव्हा आईने आख्ख्या आळीत पेढे वाटले होते. त्याला आता चौदा महिने झाले. पद कॉमी थ्री, म्हणजे किचनमधली सगळ्यात खालची पायरी. वर कॉमी टू, कॉमी वन, डीसीडीपी (डेमी शेफ द पार्टी), सीडीपी (शेफ द पार्टी, म्हणजे किचनच्या एका विभागाचा शेफ), मग कुठे सू शेफ.

पगाराची स्लिप समोर ठेवूनच लिहिते आहे. ग्रॉस १७,५००. बेसिक १०,५००, त्यावर पीएफ १,२६०, ईएसआयचे (कामगार विम्याचे) १३२, व्यवसाय कर २००. हातात १५,९०८. कर्जाचा हप्ता ६,७४४. नालासोपाऱ्याला एका खोलीत चौघं राहतात, त्याचा वाटा ४,०००. लोकलचा पास आणि मोबाईल गेला की साडेचार हजारांच्या आसपास उरतात. ड्यूटीवर जेवण मिळतं म्हणून निभतं. खोलीवर गॅस नाही, त्यामुळे आठवडाभर दुसऱ्यांसाठी रांधणारा माझा भाऊ सुट्टीच्या दिवशी पोळीभाजी विकत आणून खातो. मला हे फार लागतं.

ब्रेक शिफ्ट असते. सकाळी ११ ते ३, मग साडेसहापासून किचन बंद होईपर्यंत. मधल्या वेळात नालासोपाऱ्याला जाऊन येणं शक्यच नाही, म्हणून लॉकर रूममधल्या बाकावर आडवा होतो. रात्री शेवटची लोकल चुकली की पहाटेपर्यंत स्टेशनवरच. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांवरच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम आहे, हे मी वाचलं आहे. इथे मात्र रजिस्टरमध्ये कॉम्प ऑफ (जादा कामाची बदली सुट्टी) लिहितात आणि तो कधी मिळत नाही. बोलायला गेलं तर प्रमोशन अडकेल अशी त्याला भीती वाटते. कॉमी टू झाला तरी वाढ दीड हजाराचीच आहे.

सीनियर सांगतात की पूर्वी सर्व्हिस चार्जमधून दरमहा काहीतरी हातात पडायचं. २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई कायम ठेवली. ग्राहक म्हणून मला ते योग्यच वाटतं. पण टिप मिळाली तर ती वाढणाऱ्याच्या हातात पडते, आत तव्यापाशी उभा असलेल्याला ती दिसतही नाही. तो भाग पगारातच यायला हवा होता, तसं झालेलं नाही.

तरी किचन सोडायचं असं तो एकदाही म्हणालेला नाही. दिवाळीनंतर चार दिवस घरी आला होता. दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत, ओव्हनच्या जाळीचे आडवे डाग. पहिल्या पगारातून घेतलेली सुरी कापडात गुंडाळून बरोबर आणली होती. आईला बाजूला बसवून त्याने कोलंबीचं कालवण केलं, आणि कोथिंबीर अशी चिरली की पाटावर हिरवं पाणी उतरलं नाही. बाबा दोनदा भात मागून घेऊन जेवले. या मुलाने कॉल सेंटरमध्ये जावं असं मला वाटत नाही.

आता मूळ प्रश्न. मुंबईतल्या एका एजंटामार्फत दुबईच्या हॉटेलात कॉमी टूची ऑफर आली आहे. १,८०० दिरहॅम, म्हणजे साधारण ४३ हजार रुपये, राहणं, जेवण आणि स्टाफ बस हॉटेलची. दोन वर्षांचा करार. हिशेबाने कर्ज दीड वर्षात फिटेल. पण एजंट ९०,००० मागतो आहे, तेही रोख आणि पावती न देता. माझ्या माहितीप्रमाणे नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, आणि दुबईच्या कायद्याप्रमाणे भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचाच नसतो. हे विचारलं तर म्हणाला, "ताई, पासपोर्ट ईसीएनआर आहे, त्याला हे नियम लागत नाहीत." ईसीएनआर म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी घ्यावी लागत नाही असा पासपोर्ट. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीकृत एजंटांच्या यादीत त्याचं नाव मला सापडलं नाही.

१. ईसीएनआरचं त्याचं म्हणणं खरं आहे का? मला थाप वाटते, पण तिथे जाऊन आलेल्यांकडून ऐकायचं आहे.

२. ऑफर लेटरवर बेसिक फक्त ९०० दिरहॅम आहे, बाकी अलाउन्स. तिथली ग्रॅच्युइटी बेसिकवर धरतात, वर्षाला २१ दिवसांची. बेसिक वाढवून मागता येतं का, की कॉमीचं कोणी ऐकत नाही?

३. क्रूझचाही विचार चालू आहे. सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) काढावं लागेल, एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) कोर्स करावे लागतील, एजंट आरपीएसएल परवान्याचा (जहाजावरच्या भरतीचा सरकारी परवाना) हवा, इतकं कळलं आहे. पण सलग आठ-नऊ महिने रोज दहा-अकरा तास उभं राहून स्वयंपाक शिकायला मिळतो, की नुसतं बुफे भरत राहायचं? परत आल्यावर इथली हॉटेलं तो अनुभव धरतात का?

४. इथेच राहिला तर सीडीपी व्हायला खरोखर किती वर्षं लागतात आणि तेव्हा हातात काय पडतं? जाहिरातीतला आकडा नको, तुमच्या स्लिपवरचा सांगा. नाव, हॉटेल काही नको.

एजंटाला सोमवारपर्यंत उत्तर हवं आहे. बाबा सोसायटीतून ९० हजार उचलायला निघाले आहेत, त्यांना मी कसंबसं थांबवलं आहे. कोणाला सविस्तर लिहायला वेळ नसेल तर निदान पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या.