वेस बंद झाली तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होतात? (अनुभव धागा)

धागाकर्ता, राजापूर तालुका

२५ मार्च २०२० ला, ऐन गुढीपाडव्याला, देश बंद झाला. तीनचार दिवसांत आमच्या गावच्या रस्त्यावर बांबू आडवा पडला. तो बांधणाऱ्यांत मी होतो. ग्रामकृती दलात माझं नाव होतं, रात्री दहा ते दोन माझी पाळी.

एप्रिलच्या मध्यावर रात्री साडेअकराला माझा चुलतभाऊ बांबूपाशी येऊन उभा राहिला. लालबागहून निघालेला. थोडं अंतर टेम्पोत, थोडं रेल्वे रुळाच्या कडेने चालत. पाठीवर पोराचं दप्तर, त्यात कपडे. आम्ही एका परसात वाढलो. मी त्याला म्हटलं, "दादा, आत घेता येणार नाही." तो काही बोलला नाही. रस्त्याकडेला बसला आणि पायातले बूट काढले.

त्याला शाळेत ठेवलं, चौदा दिवस. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. आमच्या वाडीत सत्तरीपुढची माणसं बरीच, तालुक्याला व्हेंटिलेटर नाही, नमुने तेव्हा मिरजेला जायचे आणि अहवाल यायला दिवस लागायचे. पण पहिल्या रात्री त्याला जेवण कोणी द्यायचं हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं. बांबू कोणी बांधायचा हे मात्र सभा घेऊन ठरवलं होतं. ती चूक मला आजही बोचते, म्हणून हा धागा काढतो आहे.

तुमच्या गावाने, वाडीने, चाळीने, बोटीने किंवा परदेशातल्या तुमच्या वस्तीने ते निर्बंध कसे अंगवळणी पाडले? चांगलं, वाईट दोन्ही लिहा. गावाची बदनामी होईल म्हणून हातचं राखू नका. माणसांची नावं मात्र नकोत.

आचरे, ता. मालवण. निवृत्त शिक्षिका

आमच्याकडे गाव रिकामा करायची रीतच आहे. गावपळण म्हणतात तिला. साधारण चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेतात आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर. माळावर झावळ्यांच्या राहुट्या पडतात. मागे गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. मग पुन्हा कौल आणि परत.

ही रीत कशातून आली याच्या कथा अनेक आहेत, मी त्यात शिरत नाही. पण तिची मला आठवण आली ती वेगळ्या कारणाने. गावपळणीत निघताना प्रत्येक घर शेजारच्या घराकडे बघतं. म्हातारीला कोण उचलणार, बाळंतिणीची खोपी कुठे घालायची, पाण्याजवळची जागा कोणाला. हे कुठेही लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. टाळेबंदीत हुकूम वरून आला आणि हा भाग कोणालाच ठाऊक नव्हता.

आमच्या वाडीत मे महिन्यात तो सापडला, मांगरांमुळे. शेतातले मांगर एरवी गवत नि अवजारं ठेवायला. मुंबईकर येणार म्हटल्यावर लोकांनी ते झाडून, सारवून घेतले, वायर ओढून एकेक बल्ब दिला. चाकरमान्याच्या घरच्यांनीच आपला मांगर लावायचा, ज्याला मांगर नाही त्याला भावकीतल्या कोणी द्यायचा. जेवणाचा डबा गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवून मागे सरायचं, मग आतल्याने येऊन उचलायचा.

माझी नणंद नालासोपाऱ्याहून आली, ती मुलीसह आमच्या मांगरात होती. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी गडग्याच्या अलीकडे पाट टाकून बसत आणि मोठ्याने तिच्याशी बोलत. ऐंशी वर्षांची बाई, ऐकू कमी, त्यामुळे दोघींच्या गप्पा सगळ्या मळ्याला ऐकू जायच्या. पहिल्या दिवशी नणंद रडायला लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "बाये, लांब रव, पण उपाशी रव नको." नणंदेने चौदा दिवस काढले, तक्रार केली नाही. शाळेत ठेवलेली माणसं मात्र रात्री पळून घरी जायची आणि मग भांडणं व्हायची.

धागाकर्ता

बाई, मांगराची युक्ती आमच्या गावाला जूनमध्ये सुचली. दोन महिने आधी सुचायला हवी होती.

परळ. मूळ गाव गुहागर तालुक्यात

बांबूच्या पलीकडच्या बाजूने लिहितो.

गावातले लोक म्हणायचे, मुंबईत आहात तिथेच थांबा. आमची खोली दहा बाय बारा, माणसं सहा, संडास मजल्याच्या टोकाला आणि तो आठ बिऱ्हाडांत. "घरात राहा, अंतर ठेवा" हे रोज टीव्हीवर ऐकत होतो. अंतर ठेवायचं म्हणजे आमच्यातल्या तिघांनी गॅलरीत उभं राहायचं. चाळीने तरी जमेल ते केलं. संडासाच्या वेळा वाटून घेतल्या, बादली आणि ब्लीचिंग पावडर दारात. पहिल्या मजल्यावर एक जण पॉझिटिव्ह निघाला तेव्हा त्याच्या घरचं दळण, दूध खाली उतरवून देणारी आमचीच मुलं होती.

माझे वडील पंचेचाळीस वर्षं गावच्या पालखीला वर्गणी पाठवत आले. देवळाच्या पत्र्यांना पैसे दिले. गावच्या ग्रुपवर "मुंबईकर रोग घेऊन येणार" असं वाचलं तेव्हा त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. गावाची भीती खरी होती, हे मी आज मान्य करतो. पण तो मेसेज लिहिणाऱ्याच्या शाळेची फी कोणी भरली होती, हेही मला माहीत आहे.

गणपतीला गेलो. २०२० ला चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चौदाऐवजी दहा दिवस विलगीकरण असं ठरलं आणि ६ ऑगस्टपासून एसटी सुटल्या, एका गाडीत बावीस माणसं. खारेपाटणपर्यंत जाणारे, कशेडी उतरून खेडला जाणारे, सगळ्यांच्या मांडीवर कागद. आमचे दहा दिवस पडवीत गेले. बाप्पा आला तेव्हा मूर्ती दोन फुटांच्या आत, आरतीला फक्त घरचे. भटजींनी फोनवरून पूजा सांगितली. वडील गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, "व्हय म्हाराजा" म्हणायला मागे आम्ही चारच जण. मग गडग्यापलीकडून शेजारच्या काकांनी आवाज मिसळला.

देवगड. आंबा बागायतदार

मोहर टिकला होता, फळ तयार होतं आणि घेणारं कोणी नव्हतं. वाशीची बाजार समिती ११ ते १७ मे पूर्ण बंद राहिली, आमचा ऐन माल उतरण्याचा आठवडा. आढीत आंबा पिकून सडायच्या आत काहीतरी करणं भाग होतं. पुतणीने मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांचे ग्रुप शोधले, एका सोसायटीची मागणी एकत्र घ्यायची, एक गाडी, पेट्या गेटवर उतरवायच्या. दलालाशिवाय माल विकायची माझी पहिलीच वेळ. आजही निम्मी बाग तशीच विकतो.

एक मात्र लिहायलाच हवं. बागेतले नेपाळी गडी अडकले. सीझन संपल्यावर एरवी ते गावी जातात. त्या वर्षी पावसाळा तोंडावर आला तरी त्यांना वाट नव्हती. गावात त्यांच्यासाठी विलगीकरण नव्हतं, यादी नव्हती, कोणी विचारायला येत नव्हतं. आमच्या आगोटीतला, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेला तांदूळ, सुके मासे त्यांच्यात वाटले. एवढंच करता आलं.

ओपोटिकी, न्यूझीलंड. माहेर देवगड तालुका

वरचं आंब्याचं वाचून लिहायला बसले. नवरा इथे किवीच्या पॅकहाउसमध्ये आहे. इथलीही टाळेबंदी त्याच तारखेला लागली, २५ मार्च २०२०, रात्री ११.५९ ला. आणि इथेही तो तोडणीचा हंगाम. फळाचं काम अत्यावश्यक धरलं, म्हणून पट्ट्यावर माणसं लांबलांब उभी करून काम चालू राहिलं.

सरकारने "बबल" हा शब्द दिला. आपलं घर म्हणजे एक बुडबुडा, त्यात कोण हे ठरवायचं आणि तो फोडायचा नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुसऱ्या एका घराच्या बुडबुड्यात सामावून घेता येत होतं. रोज दुपारी एक वाजता पंतप्रधान जसिंडा आर्डर्न किंवा मंत्री, सोबत आरोग्य महासंचालक अ‍ॅशली ब्लूमफील्ड, आज किती रुग्ण, कुठे, का, हे सांगायचे. आमच्या पॅकहाउसमध्ये कामगार त्या वेळी जेवणाची सुट्टी घेत.

पण मला सांगायचंय ते वेशीचं. आमच्या गावापासून पूर्वेला किनाऱ्याने जाणाऱ्या हायवेवर तिथल्या माओरी लोकांनी, टे व्हानाऊ-आ-अपानुई या जमातीने, स्वतःचे नाके उभे केले. बाहेरच्या गाड्या परत पाठवायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला माहेरचा बांबूच आठवला. टीकाही झाली, रस्ता सगळ्यांचा असताना हे कोण अडवणार म्हणून. मग शेजारणीने सांगितलं. १९१८ च्या फ्लूत माओरींमध्ये मृत्यूचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट होतं. पणजीकडून ऐकलेल्या त्या गोष्टी, सामुदायिक थडगी, हे सगळं त्यांच्या घरांत अजून बोललं जातं. म्हाताऱ्या माणसांपाशी त्यांची भाषा आहे, ती गेली तर भाषा जाईल, ही भीती. पोलीस पुढे त्यांच्याबरोबर नाक्यावर उभे राहिले.

आपल्याकडेही १८९६ च्या मुंबईतल्या प्लेगाची आठवण असायला हवी होती ना? लाखो लोक तेव्हा मुंबई सोडून गेले, त्यांत कोकणात आलेले किती तरी. आपल्याला २०२० मध्ये लावलेला साथरोग कायदा १८९७ चा, म्हणजे त्याच साथीतला. माझ्या आजीला "पिलेग" हा शब्द फक्त शिवी म्हणून येत होता, त्यामागची गोष्ट कोणी सांगितली नव्हती.

मूळ गाव म्हसळा तालुका. सध्या कुवेत

मी महबुलात राहतो. एप्रिल २०२० मध्ये महबुला आणि जलीब हे दोन भाग पूर्ण वेढून बंद केले, कारण तिथे आम्ही कामगार दाटीने राहतो. मे महिन्यात १० ते ३० तारखेपर्यंत सगळ्या देशातच संचारबंदी लागली. सहकारी दुकानात जायचं तर आधी मोबाइलवर वेळ घ्यायची.

मार्चमध्ये मशिदी बंद झाल्या तेव्हा अजानमध्ये "घरातच नमाज पढा" असे शब्द आले. मुअज्जिनचा आवाज भरून आलेला मी खिडकीतून ऐकला. आमच्या खोलीत आठ जण, पाच कोकणातले. रमजान, ईद तिथेच. चुलत्यांचा इंतकाल गावी झाला, त्यांचा जनाजा मी फोनवर पाहिला. वीस माणसंच परवानगीत होती आणि त्यांतले चार शेजारच्या वाडीतले हिंदू भाऊ होते, कारण आमच्या घरचे तरुण सगळे आखातात.

जहाजावरून (रत्नागिरी)

करार नऊ महिन्यांचा, घरी पोचलो पंधराव्या महिन्यात. बंदरात जहाज लागायचं, माल उतरायचा, आम्हाला मात्र शिडीखाली पाय ठेवायची परवानगी नाही. त्या वर्षाअखेर जगभरात चार लाखांच्या आसपास खलाशी असे अडकले होते. मुलीचं पहिलं पाऊल व्हिडिओवर पाहिलं. जास्त लिहवत नाही.

हर्णै, ता. दापोली. मच्छीमार कुटुंबातली सून

सगळे बांबूबद्दल लिहितायत, आमचा बांबू वाऱ्याने नेला. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. आदल्या दिवशी पोलीस पाटील सांगत आले, किनाऱ्यावरच्यांनी शाळेत चला. शाळेत तर मुंबईहून आलेले विलगीकरणात! सासऱ्यांनी विचारलं, तिथे जाऊन रोगाने मरू की इथे राहून वाऱ्याने? शेवटी मुंबईकरांना वरच्या दोन खोल्यांत आणि आम्हाला खाली कोंबलं. दुपारी पत्रे उडायला लागले तेव्हा खालीवर काही उरलं नाही. एका खोलीत सत्तर माणसं, मास्क भिजलेले.

बाहेर आलो तर नारळ, पोफळी आडव्या. वीज कित्येक दिवस नाही, त्यामुळे फोन नाही. आणि कौलं शाकारायला माणसं कुठून आणणार? ज्यांना महिनाभर लांब ठेवलं होतं ती मुंबईची पोरंच छपरावर चढली. विलगीकरणाचे दिवस पुरे झाले का, हे कोणी विचारलं नाही. पुढे आजार पसरला का? आमच्या वाडीत नाही पसरला. नशीब होतं, दुसरं काही म्हणता येणार नाही.

तारकर्ली, ता. मालवण

रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, दोन्ही दोरांवर मिळून तीसचाळीस माणसं लागतात, सहा फुटांचं अंतर ठेवून रापण ओढता येत नाही. आमची बंद राहिली. नंतर घरटी एकच माणूस घेऊन लहान जाळ्याने सुरू केलं, वाटा मात्र जुन्या यादीप्रमाणे सगळ्या घरांना दिला. न आलेल्यालाही.

दशावतारी कलाकार, कुडाळ तालुका

मार्च ते मे आमचे जत्रांनंतरचे कमाईचे महिने, ते गेले. पुढच्या कार्तिकातही नाटकं जवळजवळ नव्हतीच. ६ मार्च २०२१ ला आंगणेवाडीची जत्रासुद्धा फक्त आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. राजाचं सोंग घेणारा मी चिरेखाणीवर गेलो. निर्बंध चुकीचे होते असं म्हणत नाही. पण ज्यांचं पोट गर्दीवर आहे त्यांची यादी गर्दी बंद करण्याआधी व्हावी, एवढं लिहून ठेवा.

धागाकर्ता

लिहून ठेवलं. आणि परळकर, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. तो मेसेज मी लिहिला नव्हता, पण तसाच एक आमच्या ग्रुपवर आला तेव्हा मी गप्प बसलो होतो.

आशा सेविका, राजापूर तालुका

धागाकर्त्यांच्या शेजारचंच माझं गाव, म्हणून लिहिते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा घरोघर तापमान आणि ऑक्सिजन मोजत फिरले. त्याआधी एप्रिलपासून बाहेरून येणाऱ्यांची नोंद माझ्याकडेच. दारं लावून घेणारे होते, मीच रोग आणते म्हणून विहिरीवर पाणी भरू न देणारेही होते. त्यांच्याच घरी पुढे ऑक्सिमीटर घेऊन गेले.

माझी त्या वर्षीची वही अजून आहे. तिच्यात ताप, खोकला, कुठून आला, किती दिवस असे रकाने आखून दिले होते. तिसऱ्या आठवड्यात मी पेनाने एक जादा रकाना काढला, 'काय हवे'. आता वही उघडून तशीच उतरवते आहे.

शाळा, खोली २ : इन्सुलिन, बर्फासकट.
वरच्या वाडीचा मांगर : लहान बाळाला दूध.
शाळा, खोली १ : मोबाइलला चार्जर.
मधल्या वाडीचा मांगर : काही नको म्हणतात, पण पेज द्यावी.
शाळा, खोली ४, लालबागहून आलेले : पायाला मलम.