मदत हवी आहे: अवरक्तची (इन्फ्रारेड) एनर्जी कमी, मग पत्रा एवढी धग का मारतो?

नमस्कार मंडळी, पोरगी लातूरला नीटची तयारी करायलीय, काल फोनवर फिजिक्सचा डाऊट विचारला आन् मी पडलो बीए मराठी. उजेडाच्या तरंगलांबीचा तक्ता तिला पाठ हाय, दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्याच्या खाली १० पर्यंत अतिनील (यूव्ही) आन् ७०० च्या वर पार एक मिलिमीटरपर्यंत अवरक्त. तरंगलांबी वाढली की एनर्जी कमी, हे बी मान्य.

पण तिच्या रूमवर पत्रे हायेत, दिवसभर तापतेत आन् रात्री नऊ वाजले तरी डोक्यावर धग, ती धग म्हणं अवरक्त. मग कमी एनर्जीवालं भाजायलंय आन् जास्त एनर्जीवालं अतिनील पाण्याच्या फिल्टरच्या दिव्यात असून पाणी गार ते गारच, हे उलटं कसं काय? सर म्हणले परीक्षेला येत नाही, सोड. ती कुठं सोडती. सोप्यात सांगा राव कुणीतरी.

प्रतिसाद १
प्रश्न भारी आहे. तक्त्यातली एनर्जी एका फोटॉनची, म्हणजे उजेडाच्या एका कणाची असते, एकूण किती आली ते वेगळं. १२४० ला नॅनोमीटरनं भागा, उत्तर इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये (एनर्जी मोजायचं बारीक माप). फिल्टरचा दिवा २५४ चा, म्हणजे ४.९. साठेक डिग्रीला तापलेला पत्रा सगळ्यात जास्त सोडतो ते ९००० च्या आसपास, म्हणजे जेमतेम ०.१४. पण जुना गंजका पत्रा असेल तर चौरस मीटरमागं सहाशेच्या वर वॅट खाली ओततो, आणि फिल्टरचा दिवा असतो दहा-अकरा वॅटचा, पाणी तापणार कशानं! जंतू मरतात ते उष्णतेनं नाहीच, तो एकेक फोटॉन त्यांचा डीएनए बिघडवण्याइतका दणकट असतो. पोतंभर अक्षता पडल्या तरी डोकं फुटत नाही, गोफणीचा एक दगड फोडतो. दिवा उघडून बघत बसू नका मात्र, डोळ्याला वाईट.

प्रतिसाद २
अवरक्त म्हणजेच उष्णता हे आधी डोक्यातून काढा. टीव्हीचा रिमोट बी अवरक्तच, बहुतेक ९४० चा, हातावर धरा काय गरम लागतंय का. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघा, बटन दाबलं की जांभळट ठिपका चमकतो.

धागाकर्ता
लई आभार, फॉरवर्ड केलं. लगेच पुढचा आला, मधी काच धरली तर पत्र्याची धग अडंल का?

प्रतिसाद १
अडेल. साधी काच साधारण ४००० च्या पुढचं आरपार जाऊच देत नाही, सगळं पिऊन टाकते. थोड्या वेळानं काच स्वतःच तापून धग मारायला लागेल ते वेगळं.