दारू न पिणाऱ्यांनाही धोका आहे

एकांनी लिहिलंय, "दारूला शिवतही नाही, मग लिव्हरचा कॅन्सर कशाला होईल?" हा गैरसमज फार महागात पडतो. आमचे पंचवटीतले मामा माळकरी. शुगर होतीच, सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' (यकृतात चरबी साठणं) आलं, तेव्हा "आजकाल सगळ्यांनाच असतं" म्हणून रिपोर्ट गादीखाली गेला. पुढे सिऱ्होसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) निघाला, मग कॅन्सरची गाठ.

हिपॅटायटिस बी आणि सी (यकृताला सूज आणणारे विषाणूजन्य आजार), मधुमेह, लठ्ठपणा, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष, लिव्हरच्या कॅन्सरच्या या कारणांचा बाटलीशी संबंध नाही. त्यातही 'बी'चा विषाणू सिऱ्होसिस नसतानाही कॅन्सर करू शकतो. यकृत बरंच खराब होईपर्यंत कुरकुरत नाही, म्हणून काविळीची वाट पाहू नका. सिऱ्होसिस असेल तर दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि सोबत एएफपीची (लिव्हरच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी कराच. गाठ लहान असताना सापडली तर शस्त्रक्रिया, सुईने गाठ जाळणं, प्रत्यारोपण असे पर्याय हातात असतात.

घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर बाकीच्यांनी रक्त तपासून घ्या, लागण नसेल तर लस घ्या. बाळाला पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत. आपल्या सिव्हिल (सरकारी) हॉस्पिटलमध्ये तो मोफत मिळतो.