मारुती ८००: स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की डावं चाक घासतं

देवरुखची_बाई

माझ्याकडे २००४ ची मारुती ८०० आहे. रोज देवरुखहून साखरप्याला शाळेत जाते, आणि महिन्यातून दोनदा आंबा घाट चढून कोल्हापूरला आईकडे. गाडी मीच चालवते, मीच धुते, त्यामुळे तिचा नवा आवाज मला लगेच कळतो.

दिवाळीच्या सुट्टीत पुढचे-मागचे चारही टायर बदलले. आठवडाभरातच डाव्या पुढच्या चाकातून खर्रर्र असा आवाज यायला लागला. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं तरच येतो. डावीकडे वळवलं तर काही नाही, आणि उजवं चाक कधीच घासत नाही. शाळेच्या फाटकातून रिव्हर्स काढताना सगळ्यात जास्त. घाट उतरताना उजव्या वळणावर ब्रेक दाबला की येतो, पण उजवीकडेच वळणारा चढ चढताना येत नाही. असं का, तेच समजत नाही.

खाली बसून बॅटरी मारून पाहिलं. चाकाच्या मागे मडफ्लॅप ज्या स्क्रूने धरलाय, तो घासून चांदीसारखा चमकतोय. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते बाहेरच्या कडेला बोटभर रुंदीच्या पट्ट्यात साफ गेलेत. बाकी सगळीकडे जसेच्या तसे आहेत.

टायरवाला म्हणाला, नवे आहेत, फिरतील तशी जागा करून घेतील. एका गॅरेजमध्ये पत्र्याची कड हातोडीने आत ठोकून देतो म्हणाले. मी गाडी तशीच परत आणली. आमच्या पावसात एकदा रंग उडाला की तिथून गंज धरतो, आणि हा पत्रा अजून एकदाही सडलेला नाही. कुणी नीट सांगाल का, बघायचं काय?

चाकोरी

आधी टायरवरचा आकडा वाचा. ८०० ला १४५/७० आर १२ येतो. दुकानात तो नसला की सर्रास आल्टोचा १४५/८० आर १२ चढवतात, रिम तीच असल्यामुळे बसतोही. पण ७० वाल्याचा व्यास साधारण ५०८ मिमी आणि ८० वाल्याचा ५३७. म्हणजे चाक २९ मिमीने मोठं, प्रत्येक बाजूला साडेचौदा मिमी जास्त. मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६३ च्या वर असेल. टायर बदलून मागा, विषय संपला.

देवरुखची_बाई

दादा, आकडा १४५/८० च आहे! बिलावर फक्त "टायर ४ नग" लिहिलंय, आणि मीही तेव्हा वाचून घेतलं नाही. स्टेपनी जुनीच आहे, ७० ची. ती काढून पुढच्या चाकाशेजारी उभी केली तर डोळ्यांना सरळ फरक दिसतो, जवळजवळ तीन सेंटीमीटर. पण मग उजवं चाक का घासत नाही? तेही तेवढंच मोठं आहे.

जुना_फिटर_कराड

ताई, प्रश्न बरोबर विचारलात. टायर मोठा असला तर दोन्हीकडे घासायला पाहिजे. एकाच बाजूला घासतो म्हणजे ते चाक जागेवरून मागं सरकलंय.

८०० ला पुढं चाकाला खालून गाडीशी जोडणारा लोअर आर्म एकच दांडी असते. तिला पुढं-मागं धरून ठेवतो तो स्टॅबिलायझर बार. त्याचं टोक आर्ममधून जातं, तिथं बुश, म्हणजे भोकाचा रबरी तुकडा, आणि नट असतो. बारला पुढं चेसीला क्लॅम्पनं धरलंय, तिथंही बुश. हे बुश झिजून दबले की चाक मागं-पुढं हलायला मोकळं. आता तुमचं कोडं बघा. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागं ढकलतो, म्हणून घासतं. रिव्हर्समध्ये इंजिनच चाक मागं ओढतं, म्हणून सगळ्यात जास्त घासतं. चढाला ॲक्सिलरेटर दिलेला असतो, चाक पुढं खेचलं जातं, म्हणून आवाज बंद. उजव्या वळणावर डाव्या चाकाची मागची कड बाहेर येते आणि गाडीचा भारही डावीकडंच जातो, म्हणून त्या स्क्रूला लागतं. जुन्या छोट्या टायरनं हे दुखणं झाकलं होतं. मोठ्यानं उघडं पाडलं.

खात्री करायची तर सपाट जागेवर चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंना रिमच्या कडेपासून मडगार्डच्या मागच्या कडेपर्यंत माप घ्या. मग पुढच्या कडेपर्यंत घ्या. एका बाजूला मागं कमी आणि पुढं तेवढंच जास्त आलं तर बुशच. दोन सुतांपर्यंत, म्हणजे साधारण सहा मिमी, फरक मी जुन्या गाडीला सोडून देतो, त्याच्या वर नाही. गाडी थोडी डावीकडं ओढते का तेही सांगा.

आणि पत्रा ठोकू नका. चाक आणखी मागं येईल तेव्हा परत तिथंच लागणार.

सह्याद्री_८००

माझ्या गाडीला स्टिअरिंग रॅकच्या (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी दांडी) दोन्ही टोकांना वॉशर टाकून घेतले होते. स्टिअरिंग थोडं कमी वळतं, घासणं थांबतं. अर्ध्या तासाचं काम.

जुना_फिटर_कराड

भाऊ, तुमचं चाक थांबलं असेल, पण ताईंना ते सांगू नका. ही गाडी ४.४ मीटरच्या त्रिज्येत वळते, घाटात आणि गल्लीत तेच तिचं बळ आहे. ते कमी करून झिजलेला बुश तसाच ठेवायचा? उद्या जोरात ब्रेक मारल्यावर चाक हललं तर वॉशर काय करणार. ताई, गॅरेजला गेलात की ब्रेकचा रबरी होजही (ब्रेक ऑइलची नळी) बघायला सांगा, चाक सरकलं की तो कुठंतरी टेकतो. टायरच्या कडेला धागा दिसत असेल तर तो टायर घाटात नेऊ नका.

देवरुखची_बाई

काका, शिवणाच्या टेपने सकाळी माप घेतलं. डावीकडे मागे १३ मिमी कमी, पुढे जवळपास तेवढंच जास्त. तीनदा मोजलं. आणि हो, गाडी डावीकडे ओढते. रस्त्याचा उतार असेल असं मी समजत होते.

देवरुखची_बाई (अकरा दिवसांनी)

काम झालं. साखरप्याच्या गॅरेजमध्ये समोर उभी राहून करून घेतलं. डाव्या आर्ममधला बुश काढून माझ्या हातात दिला. भोक गोल राहिलंच नव्हतं, मागच्या बाजूला लांबट झालं होतं आणि रबर बोटाने दाबलं की तुकडे पडत होते. उजवा त्यापेक्षा बरा होता, पण दोन्हीकडचे आणि क्लॅम्पचेही बदलले. काकांनी मला फोटोवरून सांगितल्याप्रमाणे शेवटचा नट गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर भार आल्यावर आवळायला लावला. ब्रेक होज ठीक आहे, टायरला धागा दिसत नाही. मग अलाइनमेंट.

आता फरक ३ मिमी आहे. गाडी सरळ जाते. रिव्हर्सला आवाज नाही. काल आई, मावशी आणि तांदळाची दोन पोती घेऊन घाट उतरले, एका खड्ड्यात फक्त एकदा हलकं टेकलं. ते टायरच्या मापाचं असणार. दुकानदाराशी बोलले आहे, पुढचे दोन ७० चे मागवून देतो, फरक द्या म्हणतोय. पावती आणि टायरवरचा आकडा दोन्ही त्याच्यासमोर ठेवले तेव्हा तयार झाला.

काका, एक राहिलं. पुढे ७० आणि मागे ८० असे ठेवले तर चालेल का, की मागचेही बदलू?

जुना_फिटर_कराड

पुढच्या दोघांत फरक नको, एवढं पाळा. इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर आहे, तिथं एक लहान एक मोठं झालं की गिअरबॉक्समधला डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, सरळ रस्त्यावरही सतत काम करत राहतो. म्हणून मागचं पंक्चर झालं तर ७० ची स्टेपनी मागं लावून खुशाल घरी या. मागचे ८० चे झिजेपर्यंत वापरा, मागं काही लागत नाही ना एवढं चारजण बसवून बघून घ्या.