आवाजाआधी नेक तपासा

वर एकाने सुचवलंय की जुनी इलेक्ट्रिक गिटार घेताना आधी अँप्लिफायरला लावून आवाज ऐकावा. माझ्या मते ते नंतर. तारांची थरथर पकडणारे पिकअप बदलता येतात, खरखरणारा व्हॉल्यूमचा नॉब क्लीनरच्या फवाऱ्याने बहुतेक वेळा सुधारतो. नेक (गिटारची लांब दांडी) गेलेली असेल तर मात्र दुरुस्तीपायी गिटारपेक्षा जास्त पैसे जाऊ शकतात.

सूर लावून घ्या. सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरची आडवी धातूची पट्टी) आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकदम दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट दिसली तर उत्तम. जास्त असली तरी ट्रस रॉड (नेकच्या आतला, तिचा बाक जुळवणारा धातूचा दांडा) फिरत असेल तर जुळवता येते. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर मी ती गिटार घेणार नाही. मग बारीक तारा बाराव्या फ्रेटच्या पुढे चांगल्या ओढून बेंड करा. सूर मध्येच गुदमरला तर फ्रेट कमीजास्त झिजलेत, किंवा तारांची फ्रेटपासूनची उंची म्हणजे अ‍ॅक्शन फार खाली आहे.

कारागिरी मला फ्रेटच्या टोकांत दिसते. नेकच्या कडेवरून बोट फिरवा. बोचलं तर लाकूड सुकून आक्रसलंय, नाहीतर टोकं मुळातच नीट घासलेली नाहीत.

आणि हेडस्टॉक (खुंट्या असतात ते टोक) मागे झुकलेलं असेल तर नटच्या (त्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी) मागची बाजू उजेडात तिरकी धरून बघाच. तिथे केसाएवढी रेघ दिसली तर नेक तिथे बहुधा मोडून चिकटवलेली असते. नीट चिकटवलेला जोड वर्षानुवर्षं टिकतो, पण मग किंमत बरीच उतरायला हवी.