प्रार्थना करूनही मन खचते, तेव्हा काय करावे?

प्रश्न: यजमानांची नोकरी जाऊन सात महिने झाले. मी दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाते. पण "देव बघून घेईल" असे कोणी म्हटले की डोळे भरून येतात आणि प्रभुभोजनासाठी (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी) पुढे जाण्याचाही धीर होत नाही. माझा विश्वास कमी पडतो आहे का?

उत्तर: ताई, मुळीच नाही. बायबलमधल्या स्तोत्र 13 ची सुरुवातच "किती वेळ" या गाऱ्हाण्याने होते, आणि ते गाऱ्हाणे देवापाशीच मांडलेले आहे. बायबलच्याच 1 राजे या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी उशाशी ठेवले, आणि तो खाऊन पुन्हा झोपला.

उत्तर: आमच्या घरी आजारपण होते, तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतील एक मावशी दर बुधवारी पिठले-भाकरीचा डबा आणत, ओट्यावरची भांडी घासत आणि जाताना दोन वाक्यांची प्रार्थना करत. मला खरा आधार त्यातून मिळाला. तुमची अडचण पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, मोकळेपणाने सांगा.

उत्तर: कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा विधी) 1895 मध्ये झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा मात्र 1900 मध्ये. विश्वासाला वेळ लागतो, ताई.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. येत्या घरसभेत (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) बोलेन.